बुवांच्या आवाजाचं कुलूप

पडद्यावर टक्के चढत असले की मला समोर बसवत नाही. आधी एक पाय हलायला लागतो, मग दुसरा, मग मी उठून फ्रीज उघडतो आणि काहीही न घेता बंद करतो. त्या दसऱ्याच्या सकाळी आमच्या घाटकोपरच्या घरात हेच चाललं होतं. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टिमचं मोठं अपडेट लावलं होतं, आणि काम संपेपर्यंत मशीन बंद करू नका, असं त्यावर इंग्रजीत लिहून येत होतं. आकडा एका जागी अडकला तसा मी झेंडूची फुलं आणतो म्हणून खाली उतरलो. फुलं घरात ढीगभर होती, पण आईनेही मला अडवलं नाही. मी येरझाऱ्या घातल्या की तिचं डोकं दुखतं.

वर आलो तेव्हा पडदा काळा होता. त्याच्या वरच्या कडेला हळदकुंकवाची बोटं, पायथ्याशी अक्षता आणि आपट्याचं पान. शेजारी बाबांची पेटी, टाळ, आईची विळी, मिक्सर, सगळे ओळीने पूजेला बसलेले. भिंतीवरचं बटण बंद होतं.

“हे कोणी बंद केलं?”

“मी,” आई म्हणाली. “पाणी शिंपडूचा होता. शॉक लागलो असतो म्हणजे?”

मी जे ओरडलो ते सणाच्या दिवशी ओरडण्यासारखं नव्हतं. आईने सगळं ऐकून घेतलं, निरांजन खाली ठेवलं आणि म्हणाली, “बरा. आता आज तेका हात लावचो नाय. पूजा झाली. उद्या काय ता कर.” आमच्याकडे दसऱ्याला पूजेला लावलेल्या हत्याराला दिवसभर काम देत नाहीत. विळीलासुद्धा नाही, भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली असते. तरी मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात मागून टाळी वाजली. बाबा आतल्या खोलीच्या दारात उभे होते आणि मानेने नाही म्हणत होते. त्यांना बोलता येत नाही. कुणाला थांबवायचं असलं, बोलवायचं असलं, रागवायचं असलं, की ते टाळी वाजवतात. टाळीच्या जोरावरून आम्ही अर्थ लावतो.

तो पूर्ण दिवस मी त्या काळ्या पडद्याभोवती घिरट्या घालण्यात काढला. सोनं वाटायला शेजारी आले, त्यांना मी काय बोललो ते मला आठवत नाही.

बाबा म्हणजे बुवा. आमच्या गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या सगळ्यांचे बुवा. तरुणपणी गिरणीत लागले, गिरणी गेली, मग साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये उमेदीची सगळी वर्षं घातली. पण कुणी विचारलं तर ते स्वतःला कामगार म्हणत नसत, भजनी म्हणत. भांडुप, मुलुंड, बोरिवली, जिथे कोकणातली माणसं असतील तिथे शनिवारी रात्री पेटी घेऊन हजर. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकांना सवाल-जवाब करत रात्र काढतात. त्यात बाबांची जीभ तिखट. समोरचा बुवा पाणी मागायचा.

त्या दुनियेत चाल म्हणजे बुवाची इस्टेट. दुसऱ्या बुवाच्या कानावर ती फुकट पडू द्यायची नाही. लहानपणी मी एकदा मामाचा टेपरेकॉर्डर घेऊन भजनाला बसलो, तर बाबांनी पेटीचा भाता मिटला आणि तो बंद होईपर्यंत उघडला नाही. पुढे मोबाइल आले. बाबांना लांबून पडदा चमकलेला दिसायचा आणि ते गाता गाता त्या माणसाची अशी काही खिल्ली उडवायचे की तो फोन खिशात घालून, वर हसून टाळ्याही वाजवायचा. त्यामुळे एवढी वर्षं गाऊनसुद्धा बाबांचं एकही रेकॉर्डिंग कुणाकडे नाही. आमच्याकडेही नाही.

मग गळ्याचा आजार निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आधी आवाज भरून ठेवा, रोजची वाक्यं बोलून ठेवा, नंतर बटण दाबून ती वापरता येतील, असंही त्यांनीच सुचवलं. बाबा तयार होईनात. आईने दोन दिवस अबोला धरला तेव्हा कुठे कबूल झाले, तेही अटीवर. “ह्या घराच्या भायर जाता कामा नये. पेनड्राइव्हात नाय, मोबाइलात नाय, खयच नाय.” मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही ते बरोबर वाटलं. त्यांचा आवाज होता, त्यांनी ठरवायचं होतं.

बोटाने दाबायचा मोठा पडदा असलेला कॉम्प्युटर आणला, माईक थेट त्याला जोडला, आणि ऑपरेशनच्या आधीचे दिवस बाबा त्यासमोर बसून बोलत राहिले. भजन एकही नाही. ते म्हणाले, गाणं डब्यात घालून ठेवायची वस्तू नाही. भरून ठेवलं ते सगळं घरगुती, आणि त्यातही हुकूम आणि शिव्याशापच जास्त. “पंखो कमी कर.” “ह्या सार हा की समुद्राचा पाणी?” “टीव्ही बंद कर, डोक्याक ताप.” मी त्या सगळ्यांची बटणं करून दिली. घरी आल्यावर बाबा आठवड्याभरात त्यात असे तरबेज झाले की आई स्वयंपाकघरातून उत्तरं द्यायची आणि दोघांचं रीतसर भांडण व्हायचं. “बटणा दाबून भांडतत मेले,” ती मला सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा अगदी खुलायचा.

मोबाइल मात्र त्यांनी टाकून दिला. बटणांत नसेल ते लिहायला पाटी होती, तिच्यावर लिहिलं, ‘आता फोन कित्याक?’ मी समजूत घातली, मेसेज तरी बघाल, पण त्यांनी फोनच माझ्या अंगावर फेकला. शेवटी मीच नंबर बंद करून टाकला. सुरुवातीला भेटायला माणसं यायची, मग कमी झाली. कितीतरी जणांना आमचं नवं घर माहीतच नव्हतं, चाळ पाडून टॉवर झाल्यावर आमचा पत्ताच बदलला होता. पण बाबांनी मनात एकच घेतलं. आवाज गेला, बुवा संपला. ‘सगळे इसारले’ असं ते पाटीवर लिहायचे आणि तळहाताने पुसून टाकायचे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बटण दाबलं. निळा पडदा आला. त्यावर एक रिकामी चौकट आणि मागणी, अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की द्या.

या मशीनमध्ये नखाएवढी एक सुरक्षेची चिप असते. डिस्कवरचं सगळं कुलपात असतं आणि किल्ली या चिपकडे. मशीन चालू होताना ती आधी बघते, सगळं कालच्यासारखंच आहे ना. असेल तर मुकाट्याने किल्ली देते, आपल्याला कळतही नाही. अपडेटबरोबर मशीनच्या मुळाशी काहीतरी बदलत होतं आणि ते अर्ध्यावर तुटलं, त्यामुळे चिप आता आम्हाला ओळखच देईना. नवा वॉचमन जसा घरमालकालाच गेटवर अडवतो तशी. आणि त्या कुलपाच्या आत बाबांचं सगळं बोलणं होतं, ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

मी ऑफिसला कळवलं की येत नाही. इंटरनेटवर हजार उपाय होते. कुणी म्हणे चिप बंद करून परत चालू करा. केलं. कुणी म्हणे वायर काढून ठेवा. ठेवली. कुणी म्हणे चिप सरळ पुसून टाका, नव्यासारखी होईल. तिथे माझं बोट ‘यस’वर पोचलं होतं, पण खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की किल्ली नसेल तर नंतर काहीही परत मिळणार नाही. मी बोट असं काढलं जणू चटका बसला. बाबा मागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग मशीन चादरीत गुंडाळून रिक्षाने साकीनाक्याला नेलं. तिथला रिपेअरवाला खरंच सज्जन होता. त्याने चालू करून पाहिलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. “चिप क्लिअर मारतो, सगळं नवीन टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जा.”

“आणि आतलं?”

“आतलं जाणार ना, साहेब. की नाय तर कोणी पण काय करणार? खाता बघा तुमचा, ज्याच्यावर मशीन चालू केली होती पहिल्या टायमाला. की तिथे असते.”

खातं! मी चादर पुन्हा गुंडाळली आणि परतीच्या रिक्षात फोनवरच ते खातं उघडलं. मशीन आणलं तेव्हा बाबांनी हट्टाने ते स्वतःच्या नावावर करायला लावलं होतं, पासवर्ड मीच टाकला होता, तो आठवत होता. लॉगिन झालं. की दाखवण्याआधी वेबसाइट म्हणाली, खात्री करायची आहे, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवतो. आणि खाली नंबराचे शेवटचे दोन आकडे दाखवले. बाबांचा नंबर. मीच बंद केलेला. सिग्नलला रिक्षा थांबली होती आणि मला उतरून चालत सुटावंसं वाटत होतं.

तरी फोन लावून पाहिला. रिंग गेली. दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या त्या नंबराला रिंग जाईल असं मला वाटलंच नव्हतं. बंद केलेले नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, हे डोक्यात यायला मला एक क्षण लागला. फोन एका बाईने उचलला.

“हॅलो, तुमच्या फोनवर आत्ता एक ओटीपी आला असेल,” मी म्हटलं.

“आलाय. मग?”

“तो जरा सांगाल का?”

यावर आजकाल मुंबईतला कुठलाही शहाणा माणूस जे करेल तेच तिने केलं. “लाज नाही वाटत रे? भरदुपारी धंदा चालू केला?” एवढं बोलून तिने फोन कापला आणि माझा नंबर ब्लॉक केला.

मी रिक्षावाल्याचा फोन मागून घेतला. या वेळी सगळं धडाधडा सांगून टाकलं. माझ्या बाबांचा नंबर होता हो, त्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये अडकलाय. ती पूर्ण ऐकून म्हणाली, “बापाचा आवाज अडकलाय! झकास. ही स्टोरी नवीन आहे, कालपर्यंत पार्सल अडकत होतं.” रिक्षावाल्याचाही नंबर ब्लॉक झाला. तो बिचारा आरशातून माझ्याकडे संशयाने बघायला लागला. मला तिचा इतका राग आला होता आणि तिचं एक अक्षरही चुकत नव्हतं, हे जास्त झोंबत होतं.

घरी मशीन जागेवर ठेवलं. बाबा येऊन त्यासमोर बसले. बटणं असायची तिथे काळ्या काचेवर त्यांनी बोट टेकवलं, नेमकं ‘चाय ठेव’च्या जागी, आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, होईल, बाबा. त्यांनी पाटी उचलली नाही. त्या दिवसापासून पाटीही बंद झाली आणि टाळीही. जेवायला बोलावलं की येत, ताटात असेल ते खात, परत काचेसमोर जाऊन बसत. आईने दुसऱ्या दिवशी आमटीत मुद्दाम मीठ जास्त घातलं. बाबांनी वाटी संपवली. ती स्वयंपाकघरात गेली आणि मला आत ओढून घेतलं. “घर खावक उठता रे,” ती म्हणाली आणि पदराने तोंड दाबून रडली. अपडेटवरून मी तिला जे काय बोललो होतो, त्याची मला लाज वाटली.

मी ऑफिसला गेलो आणि परत आलो. अंधेरीला कामात लक्ष लागेना, एका ओळीचा मेल तीनदा वाचला तरी कळेना. दोन सहकाऱ्यांच्या फोनवरून पुन्हा प्रयत्न केला, तेही दोघे ब्लॉक झाले. खातं ज्या कंपनीचं, तिच्या मदतकेंद्राने सांगितलं, खात्यावरचा नंबर बदलायचा अर्ज करता येईल, पण त्याची खात्री जुन्या नंबरावरच होईल. मी विचारलं, जुना नंबर असता तर बदलला कशाला असता? पलीकडचा माणूस सॉरी म्हणाला. मी घरी येऊन बूट काढायच्या आधीच हॉलमध्ये फेऱ्या घालायला लागलो.

“माझ्या फोनावरना लाव,” आई म्हणाली. “आणि तू गप ऱ्हव.”

“ती ऐकणार नाही, आई.”

“लाव रे.”

लावला, स्पीकरवर टाकला. तिने उचलला. आईने ओटीपीचं नावही काढलं नाही. “गो बाय,” ती म्हणाली, “राग धरू नको. तो आधी फोन करी होतो तो माझो झील. तेका बोलूक येना नाय, नुसतो धावता. पण खोटा नाय बोलत.”

मग अगदी वेगळ्याच आवाजात ती म्हणाली, “थांबा. तुम्ही अशाच बोलता का नेहमी? म्हणजे, ते लोक बोलतात तशा?”

“खयचे लोक?”

“ज्यांचे फोन येतात. तुम्ही बुवांच्या घरच्या का?”

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. बाबा काचेसमोरून उठून कधी मागे येऊन उभे राहिले होते, कळलं नाही.

तिने सांगितलं ते असं. हा नंबर घेतल्यापासून तिला बुवांसाठी फोन येतात. बुवा हत काय घरात? राँग नंबर म्हटलं तरी समोरचा ऐकत नाही. बाईचा आवाज आला की तिला बुवांची सून समजतात आणि निरोप सांगून मोकळे होतात. “आधी मी भांडायचे,” ती म्हणाली. “मग सोडून दिलं. आता म्हणते, हो सांगते.” ती दिंडोशीला राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते, आणि तिचं सासर-माहेर दोन्हीकडून कुणी कोकणातलं नाही, परभणीकडची माणसं. भजन-बिजन आमच्या घरात नाही, आम्ही बौद्ध, असंही तिने सांगून टाकलं.

मला राहवेना. “ताई, मग तो ओटीपी...”

“बुवांना द्या फोन,” ती म्हणाली. “त्यांच्या तोंडून ऐकते, की हो, माझंच खातं आहे. लगेच देते.”

“त्यांना बोलता येत नाही. तेच तर सांगतोय. त्यांचं स्वरयंत्र काढलंय.”

“हे बरंय तुमचं,” ती म्हणाली. पुन्हा संशय आला होता तिला, आणि का येऊ नये? बुवांच्या घरी फोन करणारी माणसं असतात एवढं कळलं की कुणीही भामटा मालवणी म्हातारी शोधून आणेल. ती विचार करत राहिली. मग म्हणाली, “एक सांगा. पहिल्याच आठवड्यात एक फोन आला. मी उचलला, हॅलो म्हणायच्या आधीच त्या माणसाने मला शिवी घातली. नंतर माझा आवाज ऐकून त्याची वाट लागली, पाच मिनिटं माफी मागत होता बिचारा. म्हणाला, बुवांना मी कायम अशीच हाक मारतो. कुठली शिवी?”

बाबांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं त्यांना ठसका लागला. पण ते हसत होते, आवाज न करता, पोट धरून. त्यांनी पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. पखवाजवाला. गिरणीपासूनचा त्यांचा साथी, आता गावी असतो. आणि त्याखाली ती शिवी, सगळ्या काना-मात्रांसकट. पाटी त्यांनी माझ्या नाकासमोर धरली.

मी चाळिशी ओलांडलेला माणूस. आई शेजारी उभी. पलीकडे अनोळखी बाई, जिने मला आतापर्यंत चारदा ब्लॉक केलेलं. “वाच,” आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी डोळे मिटले आणि वाचली.

ती खो खो हसायला लागली. हसता हसताच म्हणाली, “पाठवा ओटीपी.”

पहिला ओटीपी आला आणि तिने सांगितला, पण घाईघाईत मी चुकीचा टाकला. दुसरा मागवला. तो बसला, आणि फोनच्या पडद्यावर ते अठ्ठेचाळीस आकडे उघडले. आई एकेक गट मोठ्याने वाचत होती, मी टाइप करत होतो, बाबा माझ्या मागून पडद्यावर नजर ठेवून होते आणि प्रत्येक गटाला माझ्या पाठीवर बोट आपटत होते. एंटर दाबलं. निळा पडदा गेला, काळा झाला, मधे ठिपके गोल फिरायला लागले.

“उघडलं?” ती फोनवर होती अजून.

“होतंय. तुम्ही ठेवा फोन, ताई. फार उपकार झाले.”

“मी नाही ठेवणार. आवाज अडकलाय म्हणालात ना? तो ऐकवा. नाही ऐकवला तर उद्या पहिलं पोलीस स्टेशन गाठणार, सांगून ठेवते.”

ठिपके फिरत राहिले. तुटलेलं अपडेट आता पुन्हा पहिल्यापासून चाललं होतं. मी बसलो, उठलो, भिंतीवरच्या बटणासमोर जाऊन उभा राहिलो, कुणी हात लावू नये म्हणून. आई म्हणाली, बस रे मेल्या. आणि वेळ काढायला म्हणून त्या बाईने निरोप सांगायला सुरुवात केली.

तिने ते कुठे लिहून ठेवले नव्हते, आठवतील तसे सांगत होती. एक जण दर पाडव्याला फोन करतो आणि मुंबईला आलो की भेटतो म्हणतो. मुलुंडच्या एका मंडळाने दोन्ही वर्षी विचारलं, बुवा, पहिली बारी तुमचीच, येणार ना. कुणाची आई वारली, बुवांना कळवा म्हणाले, तिला तुमचं भजन आवडायचं. एक म्हातारी काही मागत नाही, फक्त विचारते, बरे आसत ना? “त्यांना मी सांगते, बरे आहेत,” ती म्हणाली. “मला काय माहीत बरे आहेत की नाही. पण काय सांगणार ना?” आणि पखवाजवाले काका. ते अजून करतात. आता शिवी देत नाहीत, म्हणतात, बुवा माझ्यावर रागावलाय काय गं, फोनवर येत कसा नाही?

बाबा खुर्चीत खाली बसले. दोन्ही हात मांडीवर, पाटी तशीच पडलेली, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. गळ्यावरच्या रुमालामागे श्वास जोराने चालला होता. मी वडिलांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांच्याजवळ जायचं होतं आणि पाय हलत नव्हते. एरवी एका जागी न थांबणारे पाय.

मशीन सुरू झालं. आधी म्हणालं, तुमचा पिन आता चालणार नाही, सुरक्षेच्या चिपमध्ये काहीतरी बदललंय. मी दात-ओठ खात पासवर्ड टाकला, नवा पिन दिला, आणि एकदाचा नेहमीचा पडदा आला. मी बाबांचा प्रोग्राम उघडला. बटणं होती. सगळी होती. आईने हात जोडले.

“बाबा,” मी म्हटलं, “त्यांना काहीतरी ऐकवा.”

बाबा पडद्याजवळ सरकले. बोट एका बटणावर गेलं, थांबलं, पुढे गेलं. मलाही तेव्हाच लक्षात आलं. एवढ्या बटणांत परक्या माणसाला म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. पंखा, चहा, मीठ, टीव्ही. आभार मानायचं बटण नव्हतंच. घरच्यांचे कसले आभार मानायचे, म्हणून आम्हा कुणालाच ते भरून ठेवायचं सुचलं नव्हतं. त्यांनी पान सरकवलं, अजून एक सरकवलं. शेवटी तळाच्या एका बटणावर त्यांनी बोट ठेवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, हेही असू दे म्हणून त्यांनी भरलेलं, आणि फोनच टाकून दिल्यामुळे कधी न वापरलेलं.

खोलीत बाबांचा आवाज आला. भरदार, थोडा खर्जातला, घाई नसलेला.

“कोण बोलता?”

फोनवर एक श्वास ऐकू आला. मग तिने तिचं नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, शाळेत उभं राहून सांगतात तसं सावकाश. बाबा मान हलवत ते ऐकत होते. मी तिला तीन दिवस फोन करत होतो. ओटीपी मागितला, विनवण्या केल्या, आईला पुढे केलं. तुझं नाव काय, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.